पित्याचा उपदेश आणि घरचा हिशेब : ‘स्मृतिचित्रे’तील रे. टिळकांच्या पितृत्वाचा विचार

१

वडीलधाऱ्या माणसाने मुलांस रोजच्या वागणुकीचे धडे द्यावेत, ही मराठी वाङ्मयातील जुनी परंपरा आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त मूर्खलक्षणे सांगितली आणि अक्षर कसे काढावे, हे सांगण्यासाठीही एक समास खर्ची घातला. ज्या टाकळीस समर्थांचे तपाचरण झाले ती नाशिकच्या वेशीवरच आहे. तेव्हा या उपदेशपर वाङ्मयाशी नाशिकचा संबंध पूर्वापार आहे, असे म्हणावयास हरकत नाही. एकोणिसाव्या शतकात छापखाने आणि शाळा वाढल्या, तसे नीतिबोधाच्या पुस्तकांस नवे वाचक मिळाले. मिशनरी मंडळींनी मुलांसाठी मासिके आणि छोटी पुस्तके काढली. ‘नीतिसूत्रे’ या बायबलातील ग्रंथात पिता पुत्रास संबोधून बोलतो. ती बोलण्याची रीतही त्या निमित्ताने मराठीत आली.

या सर्व लेखनात एक गोष्ट समान आहे. उपदेश करणारा उंचावर उभा असतो आणि ऐकणाऱ्याला चेहरा नसतो. उपदेश ऐकून कोणी काय केले, तो पाळताना घरात काय घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तेथे कोणी सांगत नाही. उपदेशाचे वाङ्मय विपुल असूनही त्यातले थोडेच वाचनीय राहते, याचे कारण बहुधा हेच असावे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत रे. नारायण वामन टिळक हे पती, कवी आणि धर्मोपदेशक या नात्यांनी दिसतात, आणि यांवर बरेच लिहिलेही गेले आहे. पिता म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार मात्र क्वचितच झाला आहे. एका ख्रिस्ती पित्याने आपल्या मुलांस रोजच्या जगण्याविषयी काय शिकवले, आणि ते शिकवणे लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून उतरताना त्याचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रथम परिस्थितीचा विचार केला पाहिजे. जुन्या घरात मुलाला फारसे सांगावे लागत नाही. केव्हा उठावे, कोणाच्या पंक्तीस बसावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हे सर्व आचारच शिकवतो. बाप मुका असला तरी घर बोलत असते. धर्मांतर झालेल्या घरात हे बोलणे एकाएकी थांबते. जुना आचार सुटलेला असतो आणि नवा आचार अंगवळणी पडलेला नसतो. अशा घरात पित्याला प्रत्येक लहान गोष्ट उघडपणे सांगावी लागते, आणि तीही कारणासह. ख्रिस्ती घरातील नित्याच्या उपदेशाला मराठीत जे वेगळे महत्त्व आले, त्याचे मूळ या अडचणीत आहे.

बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राशी तुलना केली असता हा मुद्दा स्पष्ट होतो. पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ साली झाला. ‘अरुणोदया’तील पेच पुत्राचा आहे: पिता आपल्या जागी स्थिर आहे आणि पुत्र त्याच्यापासून दूर चालला आहे. टिळकांच्या घरी हा क्रम उलटा झाला. येथे बदलला तो पिता. मुले लहान होती, आणि त्यांना कोणत्या बाजूस उभे करावे हा प्रश्न आईवडिलांपुढे होता. पहिल्या पिढीतील धर्मांतरिताला आपल्या वडिलांस उत्तर द्यावयाचे होते. टिळकांना आपल्या मुलांस उत्तर द्यावे लागले. हे दुसरे काम अधिक अवघड होय, कारण मुलाचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसतो. तो ताटाचा, पाण्याचा आणि सणाचा असतो.

नाशिकला ख्रिस्ती वस्ती नवी नव्हती. चर्च मिशनरी सोसायटीचे शरणपूर १८५४ सालीच वसले होते, आणि गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुलेही पुढे तेथे शिकली. परंतु शरणपूर ही गावाबाहेरची वेगळी वसाहत होती. टिळकांना तसे वेगळे राहावयाचे नव्हते. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. भजन, कीर्तन, अभंग आणि मराठी राहणी यांसह ख्रिस्ती व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. मुलांच्या दृष्टीने पाहता ही फार कठीण शिकवण आहे. सर्व सोडणे सोपे आणि सर्व धरून ठेवणेही सोपे. काय धरावे आणि काय सोडावे, हे रोज ठरविणे कठीण.

३

‘स्मृतिचित्रे’चा आरंभ एका वेगळ्याच पित्यापासून होतो. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळचे गोदाकाठचे जलालपूर. त्यांचे वडील सोवळ्याओवळ्याच्या विलक्षण आहारी गेले होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यास फाशी झाली. त्या प्रसंगाने त्यांच्या मनास जो धक्का बसला, त्यातून हे सोवळे वाढत गेले असे लक्ष्मीबाई सांगतात. बाजारातून घरी येणारे धान्यच काय, मिठासारखी जी वस्तू धुतली असता उरतच नाही, तीही धुऊन घेण्यापर्यंत हे वेड गेले होते. या घरात उपदेश नव्हता; नियम होता, आणि नियमाचे कारण विचारण्याची सोय नव्हती.

दुसरा पिता म्हणजे टिळकांचे वडील वामनराव. ते तापट होते, आणि घरातील माणसांस त्यांचा धाक मोठा होता. मायाळू आणि कवित्वाची आवड असलेली आई मृत्यू पावल्यावर टिळकांनी लहान वयातच घर सोडले आणि ते नाशकास आले. येथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांचे संस्कृत अध्ययन झाले आणि येथेच १८८० साली त्यांचा विवाह झाला.

या दोन पित्यांच्या पार्श्वभूमीवर टिळक हा तिसरा पिता उभा राहतो. पहिल्याने नियम दिला, दुसऱ्याने धाक दिला. टिळकांनी मुलांशी बोलावयास आरंभ केला. पितृत्वाचा हा बदल केवळ धर्मांतराने घडला असे म्हणणे धाडसाचे होईल. मुलांविषयीचे त्यांचे प्रेम मुळातच उत्कट होते. ‘फुलामुलांचे कवी’ ही पदवी त्यांना उगाच मिळाली नाही. आपल्या एका दीर्घ काव्यास त्यांनी ‘बापाचे अश्रू’ असे नाव दिले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. अश्रू ही आईची वस्तू मानणाऱ्या काळात पित्याच्या अश्रूंस काव्यविषय करणारा हा गृहस्थ होता. ख्रिस्ती धर्माने या मूळच्या प्रेमास एक भाषा दिली. ईश्वर हा पिता आहे, ही कल्पना ज्याला मनापासून पटली, त्याला स्वतःचे पितापणही त्या मापाने मोजावे लागते. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात मुलांनी आज्ञा पाळावी असे सांगितल्यानंतर लगेच बापालाही बजावले आहे की मुलांना चिडीस आणू नये. आज्ञा करणाऱ्यावरही बंधन असते, हा विचार जलालपूरच्या घरात संभवत नव्हता.

४

टिळकांच्या शिकवणुकीचे रोजच्या व्यवहारात दिसणारे दोन मुख्य भाग आहेत. माणसामाणसांत भेद मानू नये, हा पहिला. आणि जवळ आहे ते गरजवंताला द्यावे, उद्याची चिंता करू नये, हा दुसरा. दोन्ही शिकवणी उदात्त आहेत, आणि त्या घरात उतरल्यावर काय झाले याची हकीकत लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवली आहे.

पहिल्या शिकवणीच्या बाबतीत टिळकांचे वर्तन विशेष विचारात घेण्यासारखे आहे. धर्मांतरानंतर पुन्हा एकत्र आल्यावर त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. तिचे सोवळे, तिची वेगळी चूल, तिचे वेगळे पाणी त्यांनी चालू दिले. एका घरात दोन आचार नांदत होते आणि मुले दोन्ही पाहत होती. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्याच विचाराने जातिभेद टाकला. हा भेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, असा निर्णय त्यांच्या मनाने घेतला आणि तो त्यांनी त्याच दिवसापासून आचरणात आणला. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. येथे पित्याचा उपदेश यशस्वी झाला असे वरवर वाटेल. परंतु बारकाईने वाचल्यास दिसते की टिळकांच्या बोलण्याने जे झाले नाही ते त्यांच्या थांबण्याने झाले. या घरातील मुलांना समतेचा धडा मिळाला तो वडिलांच्या व्याख्यानातून मिळाला तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, आईला स्वतःच्या गतीने बदलू देण्याच्या त्यांच्या संयमातून मिळाला असला पाहिजे.

या प्रकरणास नाशिकच्या इतिहासाची एक चौकट आहे. नाशकात काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, आणि याच जिल्ह्यातील येवल्यास डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली धर्मांतराची घोषणा केली. ‘स्मृतिचित्रे’चे भाग वाचकांच्या हाती पडले ते याच वर्षांत. एका ब्राह्मण कन्येने मीठ धुणाऱ्या पित्यापासून सुरुवात करून स्वतःचे सोवळे कसे सुटले ते सांगावे, ही त्या काळी केवळ घरगुती आठवण नव्हती.

दुसरी शिकवण दानाची. येथे लक्ष्मीबाईंची लेखणी अधिक मोकळी होते. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. घरखर्चासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्याच्या अडचणीत निघून जाई. पाहुणा आगाऊ वर्दी देऊन येईल याची शाश्वती नसे. आणि उद्याचे काय, या प्रश्नाला टिळकांचे उत्तर देवावरच्या विश्वासाचे असे. हा विश्वास खोटा नव्हता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याच्या उद्योगास लागले, तेव्हा पगाराची निश्चिती त्यांनी खरोखरच टाकून दिली. मुलांना त्यागाचा उपदेश करणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या उतारवयात त्याप्रमाणे वागणारे थोडे.

परंतु डबे पाहण्याचे काम लक्ष्मीबाईंचे होते. दानाच्या प्रत्येक प्रसंगामागे घरात एक हिशेब होता, आणि तो दुसऱ्या माणसाला मिटवावा लागत होता. लक्ष्मीबाई याची तक्रार करीत नाहीत. त्या हकीकत सांगतात आणि हसतात. पण या विनोदामुळे वाचकाने फसू नये. हिशेब सांगून हसणे आणि हिशेब विसरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलांच्या दृष्टीने पाहता या घरात दोन शिक्षक होते. एक देण्यास शिकवीत होता, दुसरा पुरविण्यास. पुरवणारा नसता तर देणाऱ्याचा धडा मुलांपर्यंत पोहोचण्याआधीच उपासमारीने बुडाला असता.

५

या हिशेबातील सर्वांत मोठी रक्कम १० फेब्रुवारी १८९५ या तारखेस मांडली गेली. त्या दिवशी टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. पत्नीला तो निर्णय अगोदर सांगितला गेला नव्हता. त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नींचा वियोग झाला. आधीची अपत्ये बालपणीच गमावलेल्या लक्ष्मीबाईंना दत्तू हाच आधार होता, आणि तो मुलगा आईजवळ, वडिलांवाचून वाढला.

सत्य पटले म्हणजे सर्वस्व सोडूनही ते स्वीकारावे, हा टिळकांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा उपदेश म्हणावा लागेल. पण तो मुलाला कसा मिळाला? वडिलांच्या अनुपस्थितीतून मिळाला. ख्रिस्ती चरित्रकारांना या प्रसंगात श्रद्धेचा विजय दिसतो, आणि तो तेथे आहेही. दुसऱ्या पक्षाचे वाचक यात कुटुंबाचा घात पाहतात, आणि तोही खोटा नाही. लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की या दोहोंपैकी एकाही पक्षास त्या आपले पुस्तक वापरू देत नाहीत. त्या आपले वेडेपिसे होणे सांगतात, नातलगांचे वागणे सांगतात, पत्रव्यवहार सांगतात आणि पुढे जातात. निकाल देत नाहीत.

येथे समीक्षकाने मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या शिकवणुकीची किंमत शिकविणारा स्वतः मोजतो, तिला नैतिक वजन असते. टिळकांनी स्वतः किंमत मोजली, यात शंका नाही. जात, आप्त आणि प्रतिष्ठा यांस ते मुकले. पण त्यांनी दुसऱ्याच्या खात्यातूनही खर्च केला, आणि त्या दुसऱ्यांना विचारले नाही. पिता या नात्याने त्यांच्या चरित्रातील ही उणीव आहे. ती दडविल्याने टिळक मोठे होत नाहीत. उलट ती मान्य केली म्हणजे पुढच्या काळातील त्यांच्या संयमाचा अर्थ लागतो. एकदा न विचारता निर्णय घेणारा हा मनुष्य पुढे पत्नीच्या चुलीला आणि पाण्याच्या हंड्याला हात लावीत नाही. या दोन वर्तनांत संबंध असावा असे मानण्यास जागा आहे. पित्याने स्वतःच्या चुकीपासून घेतलेला धडा हाही मुलांना मिळालेला उपदेशच होय.

६

टिळकांचे पितृत्व रक्ताच्या नात्यापुरते नव्हते. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर पोरक्या मुलांना या घरात आसरा मिळाला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाची प्रतिभा ओळखली, आणि पुढे हे बालकवी अहमदनगरास त्यांच्या घरी राहिले. त्यांना ख्रिस्ती करण्याचा खटाटोप टिळकांनी केला नाही. ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. धर्मप्रसार हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या घरात राहून एक तरुण कवी आपल्या धर्मात राहू शकला, या घटनेत टिळकांच्या शिकवणुकीचे सार आहे. मुलाला जे द्यावयाचे ते द्यावे; त्याने काय व्हावे हे त्याच्यावर सोपवावे.

तथापि येथेही हिशेब सुटत नाही. घरी आणलेल्या प्रत्येक मुलाबरोबर एक ताट वाढते. दत्तू आणि तारा यांना आईवडील वाटून घ्यावे लागले. ठोंबऱ्यांविषयी लक्ष्मीबाई ज्या मायेने आणि ज्या चेष्टेने लिहितात, ती वाचून असे वाटते की टिळकांनी दार उघडले, पण आत आलेल्याला घर मिळाले ते लक्ष्मीबाईंमुळे.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. ‘स्मृतिचित्रे’ हे टिळकांच्या मृत्यूनंतर लिहिलेले आहे. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. लिहिणारी व्यक्ती पत्नी आहे. तेव्हा त्यातून दिसणारा पिता हा आठवणीतून गाळून आलेला पिता नव्हे काय? आक्षेप योग्य आहे. ‘स्मृतिचित्रे’स दप्तरी पुराव्याचे स्थान देता येणार नाही, आणि टिळक कोणत्या दिवशी मुलांस नेमके काय बोलले यासाठी या ग्रंथाचा आधार घेणाऱ्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे.

परंतु येथे प्रश्न वेगळा आहे. उपदेश बोलला गेला तेव्हा काय होता, यापेक्षा तो घरात काय होऊन राहिला, हे पाहावयाचे आहे, आणि त्यासाठी याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. या पुस्तकाच्या जन्मातच त्याचा पुरावा आहे. आईने आठवणी लिहाव्यात हा आग्रह दत्तूचा, म्हणजे देवदत्त टिळकांचा. ज्याला उपदेश केला गेला, त्यानेच तो आईच्या तोंडून पुन्हा ऐकू मागितला. आणि तिने तो ऐकवला तो वडिलांच्या व्यासपीठावरील भाषेत नव्हे. माजघरातल्या भाषेत, लहान वाक्यांत, स्वतःलाही हसत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशकास लक्ष्मीबाईंचे निधन झाले. टिळकांनी आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायना’त त्यांनी ६४ अध्यायांची भर घातली होती, ते काव्य १९३८ साली प्रसिद्ध झाले. पतीचे अपुरे काम त्यांनी दोन ठिकाणी पुरे केले: एकदा ओवीत, आणि एकदा गद्यात. ओवीत त्यांनी त्यांचा विषय पुढे नेला. गद्यात त्यांचा हिशेब पुरा केला.

‘स्मृतिचित्रे’चे वाचन आजवर बहुधा दोन प्रकारे झाले आहे. भाविक वाचकाला त्यात आदर्श ख्रिस्ती गृहस्थ दिसतो. रसिक वाचकाला विसराळू कवी आणि व्यवहारी पत्नी यांची मौज दिसते. दोन्ही वाचनांत मुलांची जागा रिकामी राहते. मुलांच्या जागेवर बसून हे पुस्तक वाचले तर त्यातील विनोदाला आणि दुःखाला एकच अर्थ येतो. पित्याने जे सांगितले ते खरे होते, आणि आईने जे सोसले तेही खरे होते. मुलांना या दोहोंतून आपले जगणे उभे करावयाचे होते. देवदत्तांनी आईच्या हाती लेखणी दिली, ती त्या उभारणीचीच खूण आहे.

जलालपूरच्या घरी धुतलेले मीठ विरघळून जात असे. टिळकांच्या घरी मीठ धुतले जात नव्हते. महिनाअखेरीस ते डब्यात आहे की नाही, एवढाच प्रश्न असे. पहिल्या घरातील शुद्धतेपासून दुसऱ्या घरातील टंचाईपर्यंतचे अंतर एका पिढीत तोडले गेले, आणि ते कसे तोडले गेले याची नोंद एका स्त्रीने ठेवली. मराठीतील पित्याच्या उपदेशाचा अभ्यास करणाऱ्याने नीतिबोधाची पुस्तके चाळण्याआधी ही नोंद वाचावी.